भरदिवसा जळणारे पथदिवे

राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात 'अग्नी' या घटकाखाली ऊर्जाबचत दाखवावी लागते. या गावानं सोडियमचे दिवे उतरवून २० वॅटचे ६० एलईडी लावलेले, तरी बिल हिशेबात बसेना. मी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत सगळे दिवे चालू.

मीटरपेटी उघडली. आत टायमरची चोवीस तासांची तबकडी, कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या पिना. तबकडीवर वाजले होते पहाटेचे सहा. बॅटरी नसलेला हा टायमर लाइट गेली की थांबतो, आली की तिथूनच पुढे फिरतो. लोडशेडिंगनं तो पाच तास मागे पडला; सातला लागणारे दिवे रात्री बाराला लागायला लागले. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा वायरमननं बायपास, म्हणजे टायमरला वगळून दिव्यांना थेट वीज देणारा स्विच, चालू करून टाकला. सकाळी बंद कोण करणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

६० दिवे म्हणजे १.२ किलोवॅट. दिवसाचे बारा तास फुकट, म्हणजे १४.४ युनिट. युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर रोजचे दहा किलो.

दुपारी पंचायतीत विचारलं, "दिवसा दिवे दिसत नव्हते का?" बचत गटाच्या एक ताई म्हणाल्या, "दिसायचे की. पण पंचायतीच्या पेटीला आम्ही कसा हात लावायचा?" बरोबरच होतं. पेटीला कुलूप हवंच, उघड्या पेटीत हात घालणं जिवावरचं काम.

म्हणून हात न लावता करायचं काम गटाला दिलं. पेटीच्या काचेतून मीटरचं सकाळी सात आणि संध्याकाळी सहाचं रीडिंग वहीत लिहायचं. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. टायमर बॅटरी बॅकअपचा घ्यायला सांगितला. उजेड ओळखून दिवे लावणारा-विझवणारा फोटोसेन्सर सुचवणारे होते, पण तो चुकीच्या जागी बसला तर दिव्याचा स्वतःचाच उजेड पडून दिवा रात्रभर लागतो-विझतो. वर धूळ आणि कावळ्याची शीट वेगळीच. टायमरची वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलावी लागते. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाला.

नवा टायमर बसल्यावर चौथ्याच दिवशी वहीत ३ युनिटांचा फरक आला. दिवे तर बंद होते. वायरमननं शोधलं तेव्हा टायमरच्या इशाऱ्यावर दिव्यांची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या अलीकडून एक वायर निघून थेट मंडळाच्या मांडवात गेलेली सापडली.