गणपतीतला कार्यक्रम आणि आमचे आप्पा

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचं सगळं सांगत बसत नाही. दीपप्रज्वलन झालं, नारळ फुटला, अध्यक्ष बोलले (लांबले, दरवर्षी लांबतात), गुणवंतांना वह्या दिल्या. मी थांबतो ते पोरांच्या भाषणांसाठी. पाचवी-सहावीतलं पोर हात मागं बांधून पाठ केलेलं धडाधडा म्हणतं, मधेच अडतं, आईकडं बघतं आणि इकडं माझ्या डोळ्यात पाणी. बायको हसते, हसू दे.

त्या वर्षी सहावीतली एक मुलगी 1971 च्या युद्धावर बोलली. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला पाकिस्तानची 31 बलुच ही पलटण अडकलेली, आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली तर तिकडच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. टाळ्या पडल्या. मग 10 डिसेंबरच्या रात्री ते गाव सोडून निघाले आणि रस्त्यावर आपली 1 मराठा, जंगी पलटण, दबा धरून बसलेलीच होती. "आणि सकाळपर्यंत सगळं संपलं!" असं ती म्हणाली.

"संपलं न्हवतं बाळ," मागनं आवाज आला.

आप्पा. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजीचं काही नवल नाही, अपशिंगे मिलिटरी नावाचं अख्खं गाव आहे, आणि बहुतेक फौजी विचारायच्या आधीच सुरू होतात. आप्पांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. आमच्यासाठी ते खुर्च्यांचे आप्पा, मंडपवाल्याच्या खुर्च्या उतरताना मोजायच्या, परत देताना मोजायच्या, तेही दोनदा, आणि आम्ही पोरं असल्यापासून त्यावरनं त्यांची टिंगल करायचो.

माईक घेतलाच नाही त्यांनी. जागेवरूनच म्हणाले, "सकाळी आमाला मोजायला लावलं. हवालदार म्हणला आकडा जुळंना, परत मोज. परत मोजलं. थंडी होती, एकाच्या अंगात घरी विणलेला स्वेटर, बटणं एक घर चुकून लावलेली. अंधारात घाईत घातला असंल." मग त्या पोरीला म्हणाले, "तू चांगली बोललीस," आणि बसले. त्यांच्या सूनबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, घरात आम्हाला पेन्शनचं पुस्तक तेवढं माहीत.

एवढं झालं तेव्हा समोर माणसं किती? तीस-चाळीस. बाकी गल्ली महाप्रसादाच्या लाईनीत, वाढायला अजून अर्धा तास होता तरी. दुसऱ्या दिवशी हेच लोक व्हिडिओ आहे का विचारत होते. नाहीये. असता तरी दिला नसता.

पुढच्या वर्षी आप्पांचा सत्कार ठरवला, शाल आणली, तर हे त्या दिवशी लेकीकडं कोरेगावला गेले. शाल अजून कपाटात आहे.

आता आभार, कारण मागच्या वेळी दोघं रुसले होते. मंडपवाले, साउंडवाला आणि त्याचा धाकटा भाऊ, शिरा हलवणारे डेअरीवाले मामा, पोळ्या लाटणाऱ्या सगळ्या वहिन्या, सूत्रसंचालन करणाऱ्या शाळेच्या बाई, पोरांची भाषणं बसवून घेणारे टेलरकाका, वायरिंग बघणारा पोऱ्या, रात्री उष्टं उचलणारी वरच्या आळीतली चार पोरं. आणि हो, जनरेटरवाले राहिले, डिझेल त्यांनी पदरचं घातलं होतं, ते पैसे मंडळाकडनं अजून यायचेत.