अठ्ठाविसाव्या किलोमीटरचे कोडे सुटले, आणि मुंबईचा आराखडा बदलला

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची मी तयारी करतो आहे, आणि तिच्या निमित्ताने डायलिसिसच्या रुग्णांच्या गाडीभाड्यासाठी वर्गणी गोळा करतो आहे. या रविवारी सरावातले 34 किलोमीटर कुठेही न थांबता पूर्ण झाले. वेळ 3 तास 47 मिनिटे, सरासरी पेस (म्हणजे एका किलोमीटरला लागलेला वेळ) 6:40, शेवटचे सहा किलोमीटर त्याहून किंचित वेगाने, आणि श्रमाची जाणीव बोर्गच्या मापावर (6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे कमाल श्रम) शेवटपर्यंत 15 च्या आत. पोळ्यापासून या नोंदी वाचणाऱ्यांना या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको. अठ्ठाविसाव्या किलोमीटरने मला या हंगामात इतके छळले आहे, की आजची नोंद बरीचशी त्याच्याच वाट्याला जाणार आहे.

मार्ग नेहमीचाच आहे: पहाटे अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगावहून दर्यापूरच्या दिशेने खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात, उतरायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे. परतीच्या वाटेवर कापसाच्या गाड्या उभ्या असलेल्या जिनिंगच्या फाटकापाशी घड्याळ 28 दाखवते. तेथे काय होते, हे जमेल तितके नेमके लिहितो. पाय दुखत नाहीत, श्वासही लागत नाही. आधी नजर समोरच्या रस्त्यावरून सुटून घड्याळावर जाते, आणि मग ती दर मिनिटाला घड्याळाकडेच वळू लागते. खांदे वर चढतात, मुठी घट्ट होतात. त्यानंतर डोक्यात हिशेब सुरू होतो, की येथून चालत गेले तरी नऊपर्यंत घरी पोहोचता येईल, 28 ही काही कमी नाहीत, आणि मुंबईला अजून अवकाश आहे. हे सारे युक्तिवाद इतके शहाणपणाचे वाटतात, की त्यांच्याशी भांडायला मन धजत नाही, आणि पुढच्या दोनशे मीटरांत मी चालू लागलेला असतो.

अशा वेळी पहिला संशय इंधनावर जातो, आणि तो रास्तच आहे. स्नायूंत साधारण 400 ग्रॅम आणि यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजन साठते. त्यातून सुमारे 2000 किलोकॅलरी मिळतात आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास हा साठा संपत आला, की धावपटू ज्याला वॉल म्हणतात ती समोर उभी राहते. मात्र गुळाच्या पाकातून मी तासाला 45 ते 50 ग्रॅम कर्बोदके घेतो, आणि तो पाक, तेवढेच पाणी, तेच बूट व तोच पेस असूनही काही रविवारी जिनिंगचे फाटक सहज मागे पडे, तर काही रविवारी तेथेच सारे कोसळे. उन्हालाही दोष देता येईना, कारण डिसेंबरच्या पहाटे पूर्णेच्या खोऱ्यात स्वेटर घालून निघावे लागते.

उलगडा झाला तो पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करणाऱ्या आमच्या गावातील एका मुलामुळे. मी चालत परत येत असताना तो रस्त्यात भेटला, माझ्या गमबुटांच्या वर सुकलेल्या चिखलाच्या रेषा अजून पोटऱ्यांवर होत्या, त्या त्याने पाहिल्या आणि सरळ विचारले, “भाऊ, रातभर पानी देऊन सकाऊन पयता, मंग आंग कसं साथ देईन?” घरी येऊन वहीत प्रत्येक लाँग रनपुढे, म्हणजे रविवारच्या लांब पल्ल्याच्या धावेपुढे, आदल्या दोन रात्रींचा नवा रकाना आखला आणि मागच्या नोंदी शेतीच्या वहीशी ताडून भरल्या. शेतीपंपाची लाईट आमच्याकडे पाळीपाळीने कधी दिवसा असते, कधी रात्री. ज्या आठवड्यात ती रात्रीची होती आणि हरभरा-गव्हाचे ओलीत माझ्याकडे होते, किंवा रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे जागल होती, त्या रविवारी फाटकापाशी खेळ संपलेला होता. उरलेल्या रविवारी तो संपला नव्हता. एवढी सरळ जोडी मला दुसऱ्या कुठल्याही रकान्यात सापडली नाही.

ही बाब केवळ थकलेल्या स्नायूंची नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोळा जणांना सायकल चालवण्यापूर्वी 90 मिनिटे संगणकावर सतत लक्ष एकाग्र करायला लावणारे काम दिले होते. या कामानंतर ते सरासरी 640 सेकंद तग धरू शकले, तर त्याऐवजी नुसता माहितीपट पाहिल्यानंतर 754 सेकंद. हृदय, रक्तातील लॅक्टेट आणि प्राणवायूचा वापर यांतून या फरकाचा उलगडा होत नव्हता. श्रमाची जाणीव मात्र सुरुवातीपासूनच चढलेली होती आणि ती कमाल मर्यादेला लवकर पोहोचली. रात्री बॅटरीच्या उजेडात बारे फोडताना, पाणी कुठे फुटते आहे याकडे डोळे लावून बसताना आणि लाईट गेली की पुन्हा मोटरीकडे जाताना, आपले लक्ष याच प्रकारे खर्च होत असते, आणि त्यात झोपेची तूट भर घालते. वहीतही हेच उमटले आहे: ओलिताच्या रात्रीनंतर त्याच 6:40 च्या पेसला दहाव्या किलोमीटरलाच बोर्ग 14 लिहिलेला आहे, जो एरवी 12 असतो. म्हणजे अठ्ठाविसाव्या किलोमीटरला जे कोसळते त्याची सुरुवात दहाव्यालाच झालेली असते.

उपाय सावडीचा निघाला. शेजारच्या धुऱ्यावरच्या काकांशी बोलणे केले आणि ठरले, की शुक्रवार-शनिवारच्या रात्री माझ्या वावरातले ओलीत ते सांभाळतील, आणि सोमवार-मंगळवार त्यांचे मी. काकांचा मॅरेथॉनशी काही संबंध नाही, पण पैसे कोणासाठी गोळा होत आहेत हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांनी एका शब्दात होकार दिला. दोन रात्री सलग सात तास झोप मिळाली, आणि या रविवारी फाटक आले तेव्हा माझे लक्ष जिनिंगमध्ये शिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटवर होते. घड्याळ पाहिले तेव्हा त्यावर 29.3 होते. तो क्षण मी पुढचे पाचही किलोमीटर मनात घोळवत आलो.

आता प्रश्न असा, की मनाचा कणखरपणा कमवायचा म्हणून थकलेल्या अवस्थेत धावणे सोडून द्यायचे का? माझे उत्तर नाही असे आहे, पण त्याची जागा बदलायला हवी. लाँग रन ताज्या मनाने करायचा. मंगळवारच्या ओलितानंतर बुधवारी सकाळी मात्र मुद्दाम 12 ते 14 किलोमीटर धावायचे, जेथे अंतर छोटे असल्याने दुखापतीचा धोका कमी असतो आणि मन कुरकुरायला लागण्याची खात्री असते. या बुधवारच्या रनमध्ये मी दोन गोष्टींचा सराव करतो. एक म्हणजे आधी ठरवलेली वाक्ये. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःशी बोलण्याचे दोन आठवडे शिक्षण घेतलेल्यांची थकेपर्यंत सायकल चालवण्याची वेळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढली होती. ती वाक्ये प्रत्येकाने स्वतःची निवडलेली होती, आणि ते योग्यच आहे. मोबाईलवर फिरणारी प्रेरणादायी वचने मला तिसाव्या किलोमीटरला कधीच उपयोगी पडलेली नाहीत. “खांदे खाली, पुढचा खांब” एवढेच माझे वाक्य आहे, आणि खांदे खरोखरच खाली येतात. दुसरी गोष्ट म्हणजे लक्ष घड्याळावर गेले, की ते मुद्दाम विजेच्या पुढच्या खांबावर आणणे.

याबरोबर एक मत नोंदवतो, जे धर्मादाय धावणाऱ्यांपैकी अनेकांना पटणार नाही. आपण कोणासाठी धावतो आहोत याची आठवण शेवटच्या दहा किलोमीटरांत उपयोगी पडते, असे सर्रास सांगितले जाते. माझ्याबाबतीत ती आठवण तेव्हा गळा दाटून आणते आणि श्वासाची लय मोडते. तिची खरी गरज पहाटे चार वाजता गजर वाजतो तेव्हा असते. खारपाणपट्ट्यातील ज्या रुग्णांसाठी ही वर्गणी आहे, त्यांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा अमरावती गाठावी लागते. प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडलेले राहायचे आणि मग परतीची गाडी शोधायची. पात्र रुग्णांना डायलिसिस शासकीय योजनेतून मोफत मिळते, परंतु गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी कुठल्याही पावतीत बसत नाही. आपला निधी तेवढ्यासाठीच आहे. एवढे आठवले, की अंथरुणातून उठायला दुसऱ्या कुठल्या जिद्दीची गरज पडत नाही.

गुळाच्या पाकातही एक छोटा विजय मिळाला आहे. मागच्या नोंदीत लिहिले होते, की थंडीत पाकाची साखर धरते आणि बाटलीचे तोंड बंद होते. आता 100 ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून त्यात अर्ध्या लिंबाचा रस घालतो आणि मंद आचेवर पाच मिनिटे उकळतो. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो आणि पाक पातळ राहतो. त्यात चिमूटभर मीठ घालून सॉसच्या लहान बाटलीत भरला, की झाले. धावताना खाण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या जेलच्या एका पाकिटात बहुधा 20 ते 25 ग्रॅम कर्बोदके असतात, त्याला शंभराच्या वर रुपये मोजावे लागतात, आणि ते मागवायचे तर कुरिअर आमच्या गावापर्यंत येतही नाही. ओआरएसबद्दल विचारणा झाली होती, म्हणून सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्यात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते. त्यामुळे क्षारांसाठी ते उत्तम आहे, पण मॅरेथॉनचे इंधन म्हणून अपुरे आहे. कमरेच्या पट्ट्याचा प्रश्न मात्र कायम आहे. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला, त्याने पाठवलेल्या पट्ट्याची शिवण पहिल्याच महिन्यात उसवली आणि बदलून द्यायला त्याने नकार दिला. शेवटी गावातल्या शिंप्याने खताच्या पोत्याची पट्टी लावून तो शिवून दिला, आणि तो अजून टिकून आहे.

कणखरपणाची सीमा कुठे आहे, हेही येथेच लिहायला हवे, कारण दोन वाचकांनी शेवटच्या टप्प्यासाठी वेदनाशामक गोळी सोबत ठेवण्याचा सल्ला दिला आहे. आयबुप्रोफेन गटातील गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरातील पाणी घटलेले असताना आणि तासन्‌तास श्रम चालू असताना तो धोका वाढतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वर्गणी मागत हिंडणाऱ्याने ही गोळी खिशात ठेवावी, हे मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडे निंदण-वेचणीच्या हंगामात अंगदुखीवर मेडिकलमधून गोळ्यांची पुडी आणून रोज खाणारे कितीतरी जण आहेत, आणि त्यांनाही मी हेच सांगत असतो. पाण्याचेही तसेच आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंच्या तपासणीत 13 टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या रेषेखाली आढळले होते, आणि धावताना वजन वाढणे हे त्याचे ठळक लक्षण होते. म्हणून मी धावण्याआधी आणि नंतर कापसाच्या काट्यावर वजन करतो. या रविवारी ते 1.4 किलोने घटले होते, जे ठीक आहे. ते वाढले असते, तर पाणी कमी करावे लागले असते. बोटे सुजली, मळमळले किंवा बोलताना शब्द अडखळू लागले, तर तेथे जिद्दीचा विषय संपतो आणि थांबावे लागते.

हे लिहिता लिहिता एक बदल सुचला आहे, तो आताच जाहीर करतो. बऱ्याच देणगीदारांनी दर किलोमीटरमागे रक्कम कबूल केली आहे. याचा अर्थ असा, की 36 व्या किलोमीटरला थांबणे आवश्यक झाले, तर मी रुग्णांच्या गाडीभाड्याचा हिशेब मांडत पुढे रेटत राहीन. आधीच थकलेल्या मनावर असा निर्णय सोपवणे योग्य नाही. तेव्हा कबूल केलेली रक्कम 42 किलोमीटरप्रमाणे धरून शर्यतीपूर्वीच द्यावी, आणि मी पूर्ण केले की नाही याच्याशी ती बांधू नये, अशी सर्वांना विनंती करणार आहे. आतापर्यंत जमलेल्या रकमेचा आणि खर्चाचा हिशेब 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो. बाबांचे शेंडगाव आमच्याच तालुक्यातले, आणि लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या करणाऱ्या त्या माणसाच्या दिवशी हिशेब लोकांसमोर असावा, असे मनापासून वाटते.

दुसरा बदल प्रवासाचा आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई आहे, आणि शुक्रवारी रात्री अमरावती-मुंबई एक्सप्रेसने निघून शनिवारी बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घ्यायचे ठरले होते. झोपेचा रकाना पाहिल्यावर हे चालणार नाही. गाडीत मला झोप लागत नाही, आणि शनिवारची रात्र पहाटेच्या शर्यतीमुळे तुटकच मिळणार. म्हणून बुधवारीच निघतो, म्हणजे मधल्या दोन रात्री पुऱ्या मिळतील. त्या आठवड्याचे ओलीत काकांकडे जाईल, आणि त्याच्या बदल्यात फेब्रुवारीत त्यांच्या गव्हाच्या पाळ्या माझ्याकडे. मुंबईतल्या पेडर रोडच्या चढासाठी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात दोन सत्रे योजली होती, त्यांपैकी एकच ठेवतो आहे, कारण दुसऱ्यासाठी पुन्हा एक रात्र मोडावी लागेल.

पुढचा रविवार टेपरपूर्वीचा, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेण्यापूर्वीचा, शेवटचा लाँग रन आहे: 35 किलोमीटर, पहिले 25 किलोमीटर 6:45 ने आणि उरलेले 6:30 ने, म्हणजे मुंबईच्या पेसने. रात्रीच्या पाळीत काम करणारे कोणी मॅरेथॉनची तयारी करत असतील, तर त्यांनी आपल्या झोपेचे आणि बोर्गचे आकडे शेजारी शेजारी मांडून कळवावेत. दुपारच्या तासाभराच्या झोपेने ही तूट कितपत भरून निघते, हे मला पुढच्या हंगामापूर्वी ठरवायचे आहे.