माळवदाचं दार: बिजागऱ्या सुटल्या

दार अखेर चौकटीतून बाहेर आलं. वरच्या दोन बिजागऱ्या अखंड निघाल्या, तिसरीतला एक स्क्रू मानेशी तुटला. त्याचं पुढे सांगतो.

दार सागवानी, चौकट कडुलिंबाची. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर औशाकडचं एक माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर उतरवलं, त्यातलं हे. दर दिवाळीला ऑइल पेंट मारत गेल्यामुळे स्क्रूची खाच कुठे आहे हेसुद्धा बोटाने चाचपून ठरवावं लागत होतं.

न फिरणाऱ्या स्क्रूचे आजार दोन. एकात डोक्याची खाच खाल्लेली असते, पकडच मिळत नाही. आत आटे मात्र मोकळे असतात. दुसऱ्यात खाच चांगली, पण आतून गंजाने धरलेलं असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून स्क्रू भोकात आवळला जातो. दुसऱ्या आजारात नुसताच पिळत बसलं की खाचही जाते आणि दोन्ही आजार एकाच स्क्रूला होतात. म्हणून हात लावण्याआधी यातला कोणता, हे बघायचं.

इथे खाच होती, पण रंगाने भरलेली. एक्सा ब्लेडचा (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा) तुटका तुकडा खाचेत आडवा ओढत राहिलो. आधी पांढरा रंग निघाला, मग हिरवा, मग त्याखालचा तपकिरी, आणि शेवटी लोखंड चमकलं. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं यश इथेच आहे. दुसरी तयारी स्क्रू ड्रायव्हरची. बाजारातला सपाट ड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो, त्यामुळे तो खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतो आणि जोर लावला की वर चढतो. जुना एक ड्रायव्हर घेऊन कानशीने त्याच्या दोन्ही बाजू समांतर केल्या, रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी ठेवली. आता तो खाचेच्या तळापर्यंत बसतो.

मग उष्णता. सोल्डरिंग गनचं टोक डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवलं, पूर्ण थंड होऊ दिलं. तापताना स्क्रू फुगतो, थंड होताना आकसतो, गंजाची पकड सुटते. लाकडात तेल सोडण्याच्या मी विरोधात आहे. आट्यांपर्यंत पोचेल याची खात्री नसते, आणि डागावर पुढे पॉलिश धरत नाही.

आमच्या गल्लीतले सुतारमामा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, ‘‘मालक, आधी जरासं आवळा, मग सोडा.’’ तसंच केलं. छातीचा भार ड्रायव्हरवर टाकून केसभर आवळलं, ‘कट्‌’ असा आवाज आला, आणि उलटा फिरवला तर निघाला! जोर खाली दाबायला जास्त लागतो, फिरवायला कमी.

प्लसच्या स्क्रूचं जरा वेगळं. हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये पेटंट मिळालेल्या या खाचेच्या भिंती तिरक्या असतात, म्हणून पिळलं की ड्रायव्हर आपोआप वर ढकलला जातो. खाच थोडीच खाल्ली असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट टोकाला लावा, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. त्यातले खरखरीत कण पकड देतात. खाचेवर रबर बँड ठेवून ड्रायव्हर दाबायचा उपाय व्हिडिओत फार छान दिसतो, एवढंच म्हणतो. मोटरसायकलच्या इंजिन कव्हरवर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्तम, पण मातीच्या भिंतीतल्या चौकटीवर तो चालवायची माझी हिंमत नाही. पितळी स्क्रूवर तर मुळीच नको, पितळ मऊ असतं.

मोरीतला नळ सोपा निघाला. बोअरच्या पाण्याचा पांढरा खार मुठीच्या स्क्रूवर चढला होता. व्हिनेगरमध्ये भिजवलेला बोळा रात्रभर ठेवला, सकाळी हाताने सुटला.

आता तो तुटका. ८ नंबरचा स्क्रू, दांडा साधारण ४.२ मिलिमीटरचा. एवढ्याशा दांड्यात भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका स्क्रू बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं अवजार, घालायचा मोह टाळला. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो. आत तुटला तर साधं ड्रिल बिट त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. बिजागरी निघाल्यावर दांडा जरा वर दिसत होता, त्याला ग्रिप प्लायरने धरून सावकाश फिरवतोय. हलतोय, पण पाव फेऱ्यापलीकडे जात नाही. नाहीच आला तर आतून धार केलेल्या पोकळ नळीने भोवतालचं लाकूड कोरून काढेन आणि त्या जागी फेविकॉल लावून सागवानी खुंटी ठोकेन.

नवे स्क्रू पितळी आणलेत, लातूरच्या गंजगोलाईतून. आधी ड्रिलने भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढायचा म्हणजे आटे पडतात, आणि मग पितळीच्या आट्यांना मेणबत्ती घासून तो बसवायचा. दार पाऊस सुरू व्हायच्या आत लागायला हवं, नाहीतर लाकूड फुगतं आणि मापं बदलतात.