तुम्ही विचारलंत म्हणून: सर्वमाफीने युद्ध थांबत असेल, तर कायदा आडवा का येतो?

माणसं मरताहेत, बंडखोरांचा म्होरक्या सही करायला तयार आहे, त्याला फक्त खटला नको. मग माफी देऊन मोकळं व्हायचं सोडून कलमं काय काढत बसता? कुठेही वाटाघाटी सुरू झाल्या की हे विचारलं जातं, आणि सूर असा की जणू कायदेवाल्यांनाच लढाई चालू राहायला हवी आहे.

कायद्याचं माफीशी वैर नाही. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या दुसऱ्या प्रोटोकॉलचं कलम ६(५) यादवी संपल्यावर शक्य तितकी व्यापक माफी देण्याचा प्रयत्न करा, असंच सांगतं. बंडात सामील झाला, सरकारी फौजेशी लढला, एवढ्यासाठी माफी जरूर द्या. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे मात्र त्यात बसत नाहीत.

यावर सिएरा लिओनच्या लोमे कराराचं उदाहरण माझ्यावर फेकलं जातं, म्हणून तेच नीट पाहू. जानेवारी १९९९ मध्ये आरयूएफ (रेव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट) या संघटनेचे बंडखोर सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनमध्ये घुसले. लोकांचे हात तोडले गेले. सरकारकडे बोलण्यावाचून फारसं काही उरलं नव्हतं. ७ जुलैला टोगोच्या राजधानीत, लोमेमध्ये, करार झाला. त्याच्या कलम ९ ने आरयूएफचा म्होरक्या फोडे सांकोह याला पूर्ण माफी दिली आणि लढणाऱ्या सगळ्यांनाच कारवाईपासून मोकळं केलं. देशद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झालेला हा माणूस हिरे-खनिजांच्या आयोगाचा अध्यक्ष झाला, उपराष्ट्रपतीच्या दर्जाने. सही करताना संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: वर सांगितलेल्या गंभीर गुन्ह्यांना ही माफी लागू नाही, अशी संयुक्त राष्ट्रांची समजूत आहे.

हा शेरा वाटाघाटींत ठरलेला नव्हता, त्यामुळे तो करार करणाऱ्यांना बांधत नव्हता. त्याने फक्त संयुक्त राष्ट्रांचे हात मोकळे ठेवले. मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले, सांकोह पकडला गेला. पुढे या गुन्ह्यांसाठी सिएरा लिओनचं विशेष न्यायालय स्थापन झालं. त्याच्या नियमावलीच्या कलम १० ने माफीचा बचाव बंद केला आणि मार्च २००४ मध्ये अपील पीठाने सांगितलं, की देशाने दिलेली माफी आंतरराष्ट्रीय न्यायालयाला अडवू शकत नाही. सांकोह खटल्याआधीच, जुलै २००३ मध्ये, कोठडीत मेला.

म्हणजे माफी देऊनही शांतता वर्षभरसुद्धा टिकली नाही. हे मी पूर्वी ठणकावून सांगत असे आणि अजूनही सांगते. पण एवढ्यावर विषय संपत नाही. करार मोडला त्यात हिऱ्यांच्या खाणी आणि रखडलेलं नि:शस्त्रीकरण यांचा मोठा वाटा होता. शेऱ्याला ना दोष देता येतो ना श्रेय. आणि न्यायालयाने आरोप ठेवले ते अवघ्या १३ जणांवर. साध्या लढवय्यांपुरता शब्द पाळला गेलाच.

चूक शेरा लिहिण्यात नव्हती, तो शेवटच्या क्षणी लिहिण्यात होती. माफीचं कलम नि:शस्त्रीकरणाच्या वेळापत्रकाबरोबरच टेबलावर यायला हवं. माफी कोणत्या कृत्यांना, कोणत्या तारखेपर्यंतच्या, कशाच्या बदल्यात, आणि एखादं कृत्य त्यात बसतं की नाही हे ठरवणार कोण? कोलंबियाने २०१६ मध्ये फार्क या बंडखोर संघटनेशी केलेल्या करारात हे सगळं लिहून काढलं. बंडाला माफी दिली. गंभीर गुन्हे विशेष न्यायव्यवस्थेकडे गेले. जो वेळेत पूर्ण सत्य सांगेल आणि जबाबदारी मान्य करेल, त्याला तुरुंगाऐवजी ५ ते ८ वर्षं स्वातंत्र्यावर निर्बंध. पीडितांना हे फार सौम्य वाटलं, आणि त्यांना ते पटवून देण्याचा अधिकार मला आहे असं मी मानत नाही.

युगांडाचं उत्तर तर माझ्याकडेही नाही. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने काढलेल्या वॉरंटनंतर तिथल्या बंडखोरांचा म्होरक्या जोसेफ कोनी याची माणसं दक्षिण सुदानातल्या जुबाच्या शांतता बोलण्यांना आली, त्यात दबावाचा भाग होता असं मला वाटतं. पण वॉरंट मागे घ्या, हीच त्यांची अट राहिली आणि २००८ मध्ये कोनी सहीला आलाच नाही. रोम संविधीच्या, म्हणजे हे न्यायालय ज्या कराराने उभं राहिलं त्याच्या, कलम १६ खाली संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद खटला थांबवू शकते, पण एका वेळी १२ महिन्यांपुरताच. मुदत वाढवायची तर दरवेळी नवा ठराव, आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला की तो पडला. एवढ्या हमीवर कुणाला शस्त्र खाली ठेवायला कसं सांगायचं?