१५ मतं आणि पावणेबारा लाख

२०२४ साली मी दोन निवडणुका अगदी जवळून पाहिल्या. एक माझ्या इंदूरची. ती पाहिली आईच्या आणि आत्याच्या फोनमधून, लंडनला बसून. दुसरी इथली, उत्तर लंडनमधल्या हेंडन मतदारसंघाची. तिच्यात मी स्वतः मत दिलं.

४ जूनला इंदूरचा निकाल लागला. भाजपचे शंकर लालवानी ११ लाख ७५ हजार ९२ मतांनी निवडून आले. त्या वर्षी देशात एवढा फरक दुसरीकडे कुठेच नव्हता. (बीडच्या २०१४च्या पोटनिवडणुकीतला सुमारे ६ लाख ९६ हजारांचा फरक तेव्हा विक्रम म्हणून किती गाजला होता, ते महाराष्ट्रातल्या वाचकांना आठवत असेल.) बरोबर महिन्याने, ४ जुलैला, हेंडनमध्ये मतदान झालं. तिथे मजूर पक्षाचे डेव्हिड पिंटो-डशिन्स्की निवडून आले ते १५ मतांनी. लाख नाही, हजार नाही, १५. हरले ते हुजूर पक्षाचे अमित जोगिया, भारतीय वंशाचे.

तेव्हापासून हे दोन आकडे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसले आहेत. घरी फोन केला की कुणी ना कुणी म्हणतंच, "मत देऊन काय होतंय? येणार कोण ते ठरलेलंच असतं." आज त्याचंच उत्तर सविस्तर लिहिते आहे.

आधी इथलं सांगते, कारण मी इथे मत देते हे आईलाही सुरुवातीला खरं वाटलं नव्हतं. "तू तिथली नागरिक नाहीस, मग मत कसं काय?" तर ब्रिटनचा नियम असा आहे की कॉमनवेल्थ देशाचा, म्हणजे भारताचाही, नागरिक इथे कायदेशीरपणे राहत असेल तर त्याला नगरपरिषदेच्याच नाही, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. नाव ऑनलाइन नोंदवता येतं. २०२३पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि त्यात कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्टही चालतो. म्हणून मी माझा निळा भारतीय पासपोर्ट दाखवून ब्रिटनच्या संसदेसाठी मत दिलं. निवडणूक नेहमीप्रमाणे गुरुवारी होती. सुट्टी नसते, पण केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं, त्यामुळे कामावर जाता-येता मत देता येतं. चर्चचा हॉल, कागदाची मतपत्रिका, दोरीने बांधलेली पेन्सिल आणि नावापुढे एक फुली. मशीन नाही, बोटाला शाई नाही. रात्री पेट्या उघडून हातानेच मोजणी होते.

पण मला सांगायचंय ते मतदानाच्या दिवसाबद्दल नाही, त्याआधीच्या आठवड्यांबद्दल. आमच्या दारावर लोक येत होते. दोन्ही मोठ्या पक्षांचे, पुन्हा पुन्हा. हातात यादी असायची, यादीत माझं नाव असायचं, आणि पहिला प्रश्न बहुतेक हाच असायचा की तुमच्या भागात तुम्हाला सगळ्यात जास्त काय सतावतं? मी इमारतीच्या देखभालीचा दरवर्षी वाढत जाणारा खर्च सांगितला. नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या सगळ्यांचंच ते दुखणं आहे. समोरच्या बाईंनी ते लिहून घेतलं, आणखी दोन प्रश्न विचारले आणि हे किती घरांचं म्हणणं आहे तेही विचारलं. परदेशातून आलेली, बोलण्यात अजून इंदूरचा हेल असलेली बाई दारात उभी राहून तक्रार सांगते आणि सत्तेसाठी लढणारा पक्ष ती टिपून घेतो, हे मी नवलाने पाहत होते.

त्याचं कारण चांगुलपणा एवढंच नाही. हेंडनमध्ये २०१० सालीही निकाल अवघ्या १०६ मतांनी लागला होता. इथे एक इमारत फिरली तर खासदार फिरतो, हे पक्षांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते प्रत्येक दार वाजवतात.

लंडनमधल्या अशाच एका निसटत्या विजयाशी आपलं जुनं नातं आहे. १८९२ साली दादाभाई नौरोजी फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत निवडून गेले ते पाच मतांनी. फेरमोजणीनंतर तो फरक तीनवर आला. वसाहतीतला, परधर्माचा, दुसऱ्या रंगाचा माणूस. त्याआधी खुद्द पंतप्रधानपदावर असलेल्या लॉर्ड सॅलिसबरींनी त्यांच्या रंगावरून जाहीर भाषणात शेरा मारला होता. तरी त्या भागातल्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं आणि भारताची लूट कशी चालली आहे ते ब्रिटिश संसदेतच उभं राहून सांगणारा माणूस तिथे पोहोचला. क्लर्कनवेलमध्ये आज त्यांच्या नावाचा छोटा रस्ता आहे. इंदूरहून कुणी पाहुणे आले की त्यांना बकिंगहॅम पॅलेस दाखवायच्या आधी मी तिथे घेऊन जाते.

इथलं सगळंच आदर्श आहे असं मात्र समजू नका. आपण जी पद्धत घेतली तीच इथेही आहे. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांची मतं वाऱ्यावर. २०२४मध्ये मजूर पक्षाला जेमतेम ३४ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या जवळजवळ दोन तृतीयांश. देशभरात मतदान ६० टक्क्यांच्या आसपास अडकलं, २००१नंतरचं सगळ्यात कमी. ज्या मतदारसंघांत एकच पक्ष पिढ्यान्‌पिढ्या जिंकतो तिथले लोक सांगतात की आमच्याकडे दार वाजवायला कुणी फिरकत नाही. म्हणजे देश बदलला तरी गोष्ट तीच. लढत अटीतटीची असेल तर मतदाराला किंमत, निकाल आधीच ठरलेला असेल तर त्याला कुणी विचारत नाही.

आता आपल्या इंदूरकडे येते.

निकाल आधीच ठरलेला असणं हा काही आपल्या शहराचा स्वभाव नाही. १९६२मध्ये गिरणी कामगारांचे नेते होमी दाजी इथून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. १९८९मध्ये सुमित्रा महाजनांनी प्रकाशचंद्र सेठींना हरवलं. सेठी म्हणजे माजी मुख्यमंत्री, केंद्रात गृहमंत्री राहिलेले, आणि समोर चिपळूणहून सून म्हणून आलेली मराठी बाई. आमच्या घरी त्या निकालाची गोष्ट अजून सांगतात. पुढे ताई सलग आठ वेळा निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्याची दुसरी बाजू अशी की १९८४नंतर काँग्रेसला इंदूरची लोकसभा एकदाही जिंकता आलेली नाही. फरक वाढत गेला आणि लढत हळूहळू विझत गेली.

२०२४मध्ये तर ती झालीच नाही. २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. रिंगणात १४ जण उरले होते, पण खरी लढत संपली होती. ताईंनाही हे रुचलं नाही, त्या तसं बोलल्याही. काँग्रेसने 'नोटा'चा, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाचा, प्रचार सुरू केला. मतदान घसरेल अशी धास्ती होतीच. ५६ दुकान या आपल्या खाऊगल्लीतल्या दुकानदारांनी सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट दिली. मला त्याचं फार कौतुक वाटलं. आपल्या गावाला मत द्यायला बोलवायचं तर असंच बोलवायला हवं.

रामबागेतली माझी आत्या सत्तरी ओलांडलेली आहे. पहिल्या मतापासून आजवर तिने एकही मतदान चुकवलेलं नाही. १३ मेला ती काठी घेऊन गेली आणि शेवटचं बटण दाबून आली. मी विचारलं, "आत्या, एवढ्या उन्हात नोटासाठी गेलीस?" ती म्हणाली, "अगं, घरी बसले असते तर आळशात मोजलं असतं. आता माझं म्हणणं नोंदलं तरी गेलं."

तिच्यासारखी २ लाख १८ हजार ६७४ माणसं निघाली. तोपर्यंत बिहारच्या गोपालगंजमध्ये २०१९ साली पडलेली ५१ हजारांवर मतं हा नोटाचा विक्रम होता. इंदूरने तो चौपटीने मोडला. विजयी उमेदवाराखालोखाल नोटाच होतं.

मग त्याने बदललं काय? कायद्याने काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३मध्ये हा पर्याय मतदाराला दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या मध्य प्रदेशासह काही विधानसभांच्या निवडणुकांत तो पहिल्यांदा वापरला गेला. नापसंतीची नोंद होऊ लागली की पक्ष बरे उमेदवार देतील, अशी त्यामागे आशा होती. पण लोकसभेचा नियम असा आहे की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच विजयी. २ लाख १८ हजारांच्या जागी १८ लाख असते तरी निकाल तोच लागला असता.

तरीही ही मतं वाया गेली असं मी मानत नाही. २०२४च्याच एप्रिलमध्ये सुरतेत काय झालं ते आठवा. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले, आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. मतदानच झालं नाही, म्हणजे सुरतकरांना नोटाचं बटणसुद्धा मिळालं नाही. इंदूरकरांना मिळालं आणि त्यांनी ते वापरलं. आज नोटाला कायद्याचे दात हवेत असं कुणी म्हणालं की पहिला दाखला इंदूरचा निघतो. आणि ही मागणी काही अवास्तव नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्येच स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ठरवलं की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. जे महाराष्ट्रात महापालिकेसाठी होऊ शकतं ते मध्य प्रदेशात का नाही, हे आपण विचारायला हवं. आणि ते विचारायला आत्यासारख्यांच्या नोंदीच उपयोगी पडणार आहेत.

आणखी एक गोष्ट इथे राहून नव्याने कळली. ब्रिटनमध्ये २०१५चा एक कायदा आहे. खासदाराला तुरुंगवासाची शिक्षा झाली, किंवा संसदेने त्याला ठरावीक दिवसांसाठी निलंबित केलं, तर त्याच्या मतदारसंघात सह्यांची मोहीम उघडते. सहा आठवड्यांत १० टक्के मतदारांनी सह्या केल्या की खासदारकी जाते आणि पोटनिवडणूक लागते. २०१९मध्ये पीटरबरोच्या मतदारांनी असं पहिल्यांदा करून दाखवलं. मी हे आईला मोठ्या उत्साहाने सांगत होते, तर ती म्हणाली, "आपल्याकडे खाली कुर्सी-भरी कुर्सी असते की!" खरंच की. मध्य प्रदेशात नगरपालिकेच्या अध्यक्षाला परत बोलवायचं मतदान होतं तेव्हा मतदारापुढे दोनच चिन्हं असतात, रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची. ब्रिटनच्या कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या राज्यात लोकांनी अशी मतं देऊन अध्यक्ष घरी पाठवले आहेत. फक्त तिथे परत बोलवायचं मतदान नगरसेवकांच्या ठरावाने लागतं, इथे शिक्षा किंवा निलंबन झाल्यावर पोटनिवडणूक लागते ती मतदारांच्या सह्यांनी. माझ्या मते ते मतदारांच्या सह्यांवर ठरणं जास्त न्याय्य आहे.

पावणेबारा लाखांचा फरक एका मताने हलत नाही, हे मलाही कळतं. इंदूर लोकसभेत २५ लाखांवर मतदार आहेत. पण महापालिकेचे वॉर्ड ८५ आहेत, आणि एका वॉर्डात साधारण वीस-एकवीस हजार मतदार. त्यातले निम्मे आले आणि मतं दोन-तीन जणांत वाटली गेली, तर राजेंद्र नगरातल्या चार गल्ल्या मिळून निकाल फिरवू शकतात. पाण्याची वेळ, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे, बगिच्याची जागा, सगळं तिथेच ठरतं. २०१७पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर आहे आपलं. ते दिल्लीच्या खासदारामुळे झालं नाही. महापालिका, सफाई मित्र आणि ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घराघरांनी ते केलं. आणि याच महापालिकेची मुदत २०२०च्या सुरुवातीला संपली, तरी पुढची निवडणूक जुलै २०२२मध्ये झाली. दोन वर्षांहून जास्त काळ ना महापौर, ना नगरसेवक, सगळा कारभार प्रशासकाकडे. घरी कुणाच्याही बोलण्यात तेव्हा याबद्दल राग नव्हता, हे मला अजून खुपतं. लोकसभेच्या निकालावर आमच्याकडे तावातावाने चर्चा होते, पण आपला नगरसेवक कोण हे निम्म्या घराला सांगता येत नाही.

मला स्वतःला तिकडे मत द्यायचं तर फॉर्म ६ए भरून नाव नोंदवता येतं, पण मतदानाला पासपोर्ट घेऊन जातीने हजर राहावं लागतं. टपालाची किंवा ऑनलाइन सोय नाही. २०२४मध्ये नोंदलेल्या सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी भारतीयांपैकी तीन हजारही मतदान करू शकले नाहीत, आणि जे आले ते बहुतेक केरळचे. केरळच्या लोकांना जमतं तर आपल्याला का नाही, हा प्रश्न मी इथल्या मराठी मंडळींना विचारत असते.

महापालिकेची पुढची निवडणूक २०२७मध्ये अपेक्षित आहे. माझी भाची या वर्षी सतरा पूर्ण करते आहे. तिला मी कळवलं आहे की सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आगाऊ भरता येतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे अठरा पूर्ण झाली की लवकरच नाव यादीत येतं. पुण्या-बेंगळुरूहून परतलेल्या भावंडांनी पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा आहे. आणि महापालिकेची मतदार यादी राज्य निवडणूक आयोग वेगळी काढतो, म्हणून लोकसभेच्या यादीत नाव आहे एवढ्यावर थांबू नका. वॉर्डाच्या यादीतही ते बघा, आपलं आणि शेजारच्या काका-काकूंचंही.