ओबरहाउझेनचा स्प्रिंगपूल

"तुमच्या जर्मनीत सगळं राखाडीच असतं का रे?" असं आईने तिसऱ्या चर्चनंतर विचारलं, म्हणून तिला ओबरहाउझेनला नेलं. ड्युसेलडॉर्फहून लोकल गाडीने साधारण अर्धा तास. डॉइचलांड तिकीट (देशभरच्या लोकल गाड्या-बसना चालणारा मासिक पास) असेल तर वेगळा खर्च नाही.

जत्रेत मिळणारी ती रंगीत प्लॅस्टिकची स्प्रिंग आठवते? जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली की टुण टुण खाली यायची? तीच कुणीतरी राइन-हेर्ने कालव्यावर ताणून बसवली आहे, असा हा पूल दिसतो. कल्पना टोबियास रेबर्गर या कलाकाराची, आणि नाव ‘स्लिंकी स्प्रिंग्ज टू फेम’. 2011 साली तो खुला झाला. लांबी 406 मीटर, भोवती अ‍ॅल्युमिनियमची 496 वेटोळी. फक्त पायी जाण्यासाठी, तिकीट नाही.

स्टेशनवरून चालत अर्धा-पाऊण तास लागतो. आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही बस घेतली आणि श्लॉस ओबरहाउझेनला उतरलो. समोरच गुलाबी राजवाडा, त्यात लुडविग गॅलरी. आम्ही गेलो सोमवारी, त्यामुळे दार बंद. जर्मनीत सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात हे इतक्या वर्षांनीही मी विसरतो. तुम्ही विसरू नका. राजवाड्यामागे कैसरगार्टन ही बाग आहे, तिच्यातून वाट पुलाकडे जाते. वाटेत शेळ्या, हरणं वगैरे ठेवलेली आहेत, तीही फुकट. लहान मुलं बरोबर असतील तर पूल गाठायला तास जास्तीचा धरा.

पुलाला पायऱ्या नाहीत. लांबलचक वळणाच्या उतारांवरून हळूहळू वर जायचं. खाली रंगीबेरंगी, किंचित मऊ पट्टे, एकूण सोळा रंग. आई अर्ध्यावर थांबली आणि कठडा घट्ट धरला. "अरे, हा हलतोय!"

हलतोच. कपडे वाळत घालायची दोरी कशी दोन खांबांमध्ये झोल घेते, तसे पोलादाचे दोन पट्टे आधारांवरून टाकलेत आणि त्यांवर काँक्रीटच्या लाद्या बसवल्यात. पाण्यावरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, 66 मीटरचा. मागून कुणी पळत येत असेल तर तो दिसण्याआधी तळपायांना कळतो. घाबरण्यासारखं काही नाही, पण चक्कर येणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, ते परतीच्या गाडीत सविस्तर ऐकावं लागलं.

मधोमध उभे असताना खालून एक मालवाहू बोट गेली. मागच्या केबिनच्या खिडक्यांना लेसचे पडदे, छतावर एक छोटी मोटार उभी आणि दोरीवर वाळत घातलेले मोजे. "म्हणजे यांचा संसारच आहे की बोटीवर!" आईचा कठड्यावरचा हात तेव्हा सुटला. बोट वळणाआड जाईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. पुलावरून पूल दिसत नाही. वर असताना आपण वेटोळ्यांच्या बोगद्यात असतो आणि फोटोत नुसत्या कमानी येतात. अख्खी स्प्रिंग बघायची तर कालव्याकाठच्या पायवाटेवर उतरा.

पलीकडे कालवा आणि एमशर नदी यांच्यामधला चिंचोळा पट्टा आहे. ही नदी कैक दशकं रूअर या साऱ्या औद्योगिक भागाचं उघडं गटार होती. 2021 च्या अखेरीस तिच्यात सांडपाणी सोडणं पूर्ण थांबलं. फुटबॉलचं मैदानही याच पट्ट्यावर आहे, त्यामुळे सामन्याचा दिवस टाळलेला बरा.

वेळ दुपारी चारनंतरची निवडा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. अंधारात हा पूल फार सुंदर उजळतो. मात्र जूनमध्ये जाल तर त्यासाठी रात्रीचे साडेदहा वाजतात. ऑक्टोबर सोयीचा, सातपर्यंत काम होतं. कालव्यावर वारा बोचतो, कानटोपी हवीच. स्वच्छतागृहाचं स्टेशनवरच उरकून घ्या, सुटे युरो खिशात ठेवा. वेळ उरलाच तर जवळच गॅसोमीटर आहे, गॅस साठवायची 117 मीटर उंच जुनी टाकी, आता प्रदर्शनाची जागा. तेही सोमवारी बंद होतं.

आम्ही बाकावर बसून डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दिवे लागले तेव्हा आईने आपणहून विचारलं, "परत एकदा जाऊन येऊ या का पलीकडे?"