घोड्याच्या हिशोबानं वसवलेली गावं

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या दक्षिणेतून जाणारा हायवे १३ नकाशावर भरगच्च दिसतो. दहा-पंधरा किलोमीटर झाले की एक नाव. प्रत्यक्षात गाडी काढली की त्यातली बरीचशी नावं येतात आणि जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. कुठे नुसती पाटी, कुठे गवतात बुडालेला फुटपाथ, कुठे झाडांची सरळ रांग. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मैदानावर, सरळ रांगेत झाडं दिसली की समजायचं, इथे कुणीतरी वारा अडवून घर बांधलं होतं. या रस्त्याचं एक नाव रेडकोट ट्रेल. पण लोकांच्या तोंडी 'घोस्ट टाउन ट्रेल'च जास्त.

मी रिजायनात राहते आणि मला या गावांचं वेड आहे. नवऱ्याला अजिबात नाही. मोडकी घरं बघायला एवढं पेट्रोल का जाळायचं, हा त्याचा सवाल. यंदा मला जोडीदार मिळाला. बाबा आले होते. बाबा कारंज्याचे, म्हणजे कारंजा लाडचे, जन्मभर कापूस आणि तूर केलेले. नायगाराला त्यांनी साफ नकार दिला. "पाणी पडताना काय बघायचं? जमीन दाखव इथली."

मग चारशेच्या वर किलोमीटर पश्चिमेला, पार रोबसार्टपर्यंत जायचं ठरलं. मुक्काम शॉनाव्हनला.

वाटेत बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की गावं इतकी जवळजवळ का? दोन गावांमध्ये शेत सोडून काही नाही, मग एवढी गावं कशाला? उत्तर सोपं आहे. घोडा. गव्हाची गाडी भरून शेतकरी सकाळी निघाला, गहू घातला, मीठ-रॉकेल-टपाल घेतलं आणि दिवेलागणीच्या आत घरी परतला, एवढ्या अंतरावर रेल्वे कंपन्यांनी एलिव्हेटर, म्हणजे धान्याची उंच कोठारं, आणि स्टेशनं आखली. साधारण सहा ते दहा मैलांवर एक. आधी रूळ, मग एलिव्हेटर, मग त्याच्या सावलीत दुकान, हॉटेल, शाळा, चर्च. आपल्याकडे नदीकाठी किंवा विहिरीपाशी गाव वसतं. इथे ते फूटपट्टीनं आखलेलं आहे. त्यामुळे ट्रक आला, रस्ता खडीचा झाला, तेव्हा तीनपैकी दोन गावांचं कामच उरलं नाही. रोगराई नाही, युद्ध नाही. हिशोब बदलला.

१८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्यानं दहा डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळायची. अट अशी की तीन वर्षं तिथे राहायचं, जमीन फोडायची, घर बांधायचं. १६० एकर म्हणजे एक क्वार्टर, चौरस मैलाचा चौथा हिस्सा. इथले शेतकरी अजून जमीन क्वार्टरमध्येच सांगतात. बाबांच्या डोक्यात आकडा लगेच फिरला. "दहा डॉलरात एकशे साठ एकर? अन् तरी सोडून गेले? काहून?"

खाली उतरून त्यांनी मूठभर माती घेतली, चोळली, फुंकली. फुंकरीसरशी उडाली. मग एवढंच म्हणाले, "पाऊस किती पडते इथं?"

हाच प्रश्न जॉन पॅलिसरनं १८५७ ते १८६० च्या मोहिमेत विचारला होता. हा पट्टा शेतीसाठी फार कोरडा आहे, असं त्यानं लिहून ठेवलं. आजही त्याला पॅलिसरचा त्रिकोण म्हणतात. पुढे जॉन मॅकून नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ नेमका चांगल्या पावसाच्या वर्षांत इथे फिरला आणि त्यानं सांगितलं की जमीन उत्तम आहे. सरकारला आणि रेल्वेला अर्थातच दुसरा अहवाल गोड लागला. माझ्या मते या सगळ्या ओसाड गावांची कुंडली तिथेच लिहिली गेली.

रोबसार्ट पूर्ण मेलेलं नाही. मोजकी माणसं राहतात, त्यामुळे तिथे भुताच्या गावात आल्यासारखं भटकू नये, लोकांना राग येतो आणि तो रास्त आहे. खिडक्यांना फळ्या ठोकलेली दुकानं आहेत. पुढून उंच चौकोनी दर्शनी भिंत, मागे बुटकं छप्पर. रस्ते नको तेवढे रुंद. गाव मोठं होणारच या खात्रीनं आखलेले. त्याच्याही पुढे गोव्हेनलॉक, तिथे तर फारसं काही उरलेलंच नाही.

परतताना आणखी एका ठिकाणी थांबलो. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या आजोबांनी आमच्याकडे तेवढं एकच मागितलं. लोक येतात, दाराच्या कड्या, जुनी फळकुटं, पाट्या उचलून नेतात. आम्ही गाडी थांबवून पाच मिनिटं झाली असतील नसतील, तोच धुळीचा लोट उठवत एक पिकअप आला. "रस्ता चुकलात का?" हे त्यांनी विचारलं खरं, पण त्याचा अर्थ 'इथे काय करताय' असा असतो. मी म्हटलं, माझे वडील शेतकरी आहेत, भारतातले. झालं. आजोबांनी गाडी बंद केली आणि किल्ल्यांचा जुडगा काढला.

गावातला लाकडी एलिव्हेटर त्यांच्याच मालकीचा. कंपनीनं सोडून दिल्यावर त्यांनी तो बी-बियाणं ठेवायला घेतला होता. बाहेरून पत्रा मारलेला असतो म्हणून कळत नाही, पण आतून भिंत बघितली की थक्क व्हायला होतं. फळ्या उभ्या नाहीत, आडव्या आहेत, एकावर एक पालथ्या रचून खिळे ठोकत नेलेल्या, थेट सात-आठ मजले. धान्य बाहेरच्या बाजूला रेटतं, तो रेटा सोसायला ही रचना. गाडी आत आली की काट्यावर उभी करायची, वजन करायचं, धान्य खालच्या खड्ड्यात ओतायचं. तिथून डबे लावलेला पट्टा ते वर माथ्यापर्यंत उचलतो आणि मग नळीचं तोंड फिरवून हव्या त्या कोठीत सोडायचं. त्या पट्ट्याला इथे 'लेग' म्हणतात. माणसानं वर जायला दोरी ओढून चालवायची लिफ्ट, एका माणसापुरती, समोर वजन लटकवलेली. बाबांना तीत बसायचं होतं. मी बसू दिलं नाही.

काट्याशेजारच्या फळीवर पेन्सिलीनं केलेल्या बेरजा होत्या. कुणाचं किती, त्यातून कचऱ्याची घट किती. बाबांनी चष्मा लावून त्या वाचल्या आणि आजोबांकडे बघून तर्जनी-अंगठा चोळला. काट्यावर मारायचे का? मला भाषांतर करावं लागलं नाही. आजोबा खो खो हसले आणि म्हणाले, त्याचसाठी तर आमच्या बापजाद्यांनी स्वतःचा व्हीट पूल काढला. सस्कॅचवान व्हीट पूल, गहू विकणारी शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था होती ती, १९२४ साली सुरू झालेली. प्रेअरीवर १९३० च्या दशकात असे साडेपाच हजारांहून जास्त एलिव्हेटर होते. आता त्यांची जागा घेतलीय काँक्रीटच्या टर्मिनलनं. एकेक टर्मिनल एकावेळी मालगाडीच्या शंभर-शंभर वाघिणी भरतं. आजोबा गहू घालायला ट्रकनं तासाभरापेक्षा जास्त जातात.

मग त्यांनी रस्त्यापलीकडची रिकामी जागा दाखवली. तिथे चिनी कॅफे होता. हे मला आधी माहीत नव्हतं, पण प्रेअरीवर जवळपास प्रत्येक गावात एक चिनी कॅफे असायचाच. आजोबांच्या लहानपणी मालक एकटा राहायचा, मागच्या खोलीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं, रविवारी चर्च सुटलं की पाय (pie) आणि कॉफी. मुलांना फुकट गोळ्या. "त्याची बायको-मुलं कुठे होती?" बाबांनी विचारलं. चीनमध्ये. १९०३ पासून चिनी माणसाला कॅनडात पाऊल ठेवायला ५०० डॉलर मोजावे लागायचे, आणि १९२३ च्या कायद्यानं तर त्यांचं येणंच जवळजवळ बंद केलं. तो कायदा रद्द झाला १९४७ साली. त्याआधी, १९१२ मध्ये, याच प्रांतानं चिनी मालकाच्या दुकानात गोऱ्या बाईला कामावर ठेवायला मनाई केली होती. म्हणजे सगळ्या गावाला जेवू घालणारा हा माणूस गावच्या शाळेच्या, कर्लिंग क्लबच्या फोटोत मात्र सापडायचा नाही. आजोबांनी त्याचं नाव सांगितलं, पण तेही टोपणनावच, गावानं ठेवलेलं. खरं नाव त्यांना कधीच कळलं नव्हतं. हे सांगताना ते जरा ओशाळले.

तिशीच्या दशकाबद्दल त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. १९३२ मध्ये गहू बुशेलला (इथलं धान्याचं माप, गव्हाचे साधारण सत्तावीस किलो) चाळीस सेंटच्याही खाली. १९३७ मध्ये प्रांतभरात सरासरी एकरी तीन बुशेलसुद्धा उतरला नाही. पेट्रोल परवडेना म्हणून मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपले आणि पंतप्रधानांच्या नावानं त्या गाडीला 'बेनेट बगी' म्हणू लागले. पूर्वेकडून मदत म्हणून खारवलेले सुके कॉड मासे आले, ते कसे शिजवायचे हे कुणालाच ठाऊक नाही. काहींनी म्हणे छपराच्या भोकांवर ठोकले. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना हे पटकन पटलं.

पण या गावांबद्दल हळहळताना मला एक गोष्ट खटकते. रेडकोट ट्रेल हे नाव १८७४ साली पश्चिमेकडे कूच केलेल्या लाल कोटातल्या पोलिसांवरून पडलंय. त्याच वर्षी सरकारचा इथल्या मूळ रहिवाशांशी तह झाला, 'चौथा तह' म्हणतात त्याला. १८७९ च्या सुमारास इकडचे बायसन संपले, उपासमार सुरू झाली आणि सायप्रस हिल्समधून क्री आणि असिनिबॉइन लोकांनी निघून जावं म्हणून सरकारनं शिधा आवळला. १८८३ मध्ये तिथला पोलिसांचा तळ, फोर्ट वॉल्शही बंद केला. म्हणजे 'रिकामी' जमीन आधी रिकामी करून घेतलेली होती. त्या वस्त्यांच्या पाट्या हायवेवर क्वचित दिसतात. दुकानाच्या फळकुटाचे फोटो मात्र आम्ही सगळे काढतो, मी धरून.

शेवटचा घाव कधी पडला, याचं उत्तर आजोबांनी क्षणात दिलं: १९९५. गव्हाच्या रेल्वेभाड्यावर १८९७ पासून सवलत होती, क्रो रेट म्हणतात तिला. ती त्या वर्षी गेली. फाट्यावरच्या छोट्या लाइनी परवडेनात, रूळ उचलले, एलिव्हेटर पाडले. शेत मात्र पडीक नाही राहिलं, हे बाबांच्या आधी लक्षात आलं. प्रांतातलं सरासरी शेत आज सतराशे एकरांच्या पुढे आहे. जमीन तेवढीच, घरं कमी.

"मग आमच्या शकुंतलेसारखंच," बाबा म्हणाले. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, कापसासाठी इंग्रजांच्या कंपनीनं टाकलेली, कारंज्यावरून जायची. रूळ आहेत, गाडी नाही. मी आजोबांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, या बाजूची लाइनही जाणार होती. मग शॉनाव्हनच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी आणि ग्रामपालिकांनी पैसे जमवले आणि २००४ मध्ये रेल्वेच विकत घेतली. ग्रेट वेस्टर्न रेल्वे. अजून गहू वाहते.

बाबा थांबले. मला पुन्हा विचारलं, नीट ऐकलंस ना? शेतकऱ्यांनी?

शॉनाव्हनला पोचून मोबाइलला रेंज आली तेव्हा भारतात पहाटेचे साडेतीन वाजले होते. मी सांगेपर्यंत बाबांनी कारंज्याला त्यांच्या मित्राला फोन लावलासुद्धा. "अरे ऊठ ना बे, इकडं शेतकऱ्यांनी रेल्वे घेतली! आख्खी लाइन!" पलीकडून बराच वेळ शिव्या ऐकू आल्या. मग जरा शांतता, आणि मग काका काहीतरी म्हणाले. बाबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"कितीत घेतली, विचारते तो."